नवापूरचा नाताळ परका कसा?

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक वाद ठरल्यासारखा पेटतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडून सूचना येते की चोवीस तारखेला मुलांना लाल ड्रेस, पांढरी दाढी आणि टोपी घालून पाठवा. लगेच कुणीतरी लिहितं की हा सण आपला नाही, इंग्रजांनी आणलेला आहे, आणि मुळात तो येशूचा जन्मदिवसही नाही, रोमन लोकांची सूर्यपूजा उचलून त्याला येशूचं नाव दिलं. मग दोन दिवस बाचाबाची होते. या बाचाबाचीत नवापूर, अक्कलकुवा, तळोदा, साक्रीकडची माणसं कुणाच्याच डोळ्यांसमोर नसतात. तिथल्या पाड्यांवर मावची, गावित, वसावे, पाडवी आडनावांची कित्येक कुटुंबं पिढ्यान् पिढ्या नाताळ करत आली आहेत. त्यांच्या घरी सांताक्लॉज येत नाही आणि रोमच्या सूर्यदेवाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. माझं म्हणणं असं की सण कुणाचा हे तो कुठून निघाला यावरून ठरत नाही, तो कोण करतं यावरून ठरतं. आणि खानदेशात नाताळ करणारे लोक खानदेशीच आहेत.

उगमाचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त खोटं त्याच्याबद्दलच फिरतं.

येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये नाही, हे खरं आहे. चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोघांनीच जन्मकथा सांगितली आहे. मार्क तर थेट मोठ्या झालेल्या येशूपासून सुरुवात करतो. पहिली दोनेकशे वर्षं ख्रिस्ती मंडळी हा दिवस साजरा करत होती असं दिसत नाही. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा धर्मपंडित तर म्हणतो की धर्मग्रंथात वाढदिवस करताना दिसतात ते फारो आणि हेरोद यांच्यासारखे पापी. त्याच्या थोडं आधी, सन २०० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने लोक सांगत असलेल्या वेगवेगळ्या तारखा नोंदवल्या आहेत, त्यांत मे महिन्यातलीही एक आहे. २५ डिसेंबर ही तारीख पहिल्यांदा स्पष्ट सापडते ती रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात, आणि त्यातली ही नोंद ३३६ च्या सुमाराची असावी असं अभ्यासक मानतात. अंत्युखिया शहरात योहान क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने ३८६ मध्ये प्रवचन केलं, त्यात तो श्रोत्यांना सांगतो की हा दिवस आपल्याला माहीत होऊन अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करतं. रशिया आणि इथिओपियात जुन्या कालगणनेमुळे तो ७ जानेवारीला येतो.

मग सूर्यपूजेचं काय? सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये 'अजिंक्य सूर्या'चं मंदिर बांधलं, आणि ३५४ च्या त्याच संग्रहात २५ डिसेंबरसमोर 'अजिंक्याचा जन्मदिन' अशीही नोंद आहे. म्हणून चर्चने सूर्याचा दिवस घेतला, असं एक मत आहे. पण त्या दिवशी सूर्याचा उत्सव होत असल्याची त्याआधीची स्पष्ट नोंद मिळत नाही, त्यामुळे कुणी कुणाचं घेतलं हे सांगणं अवघड आहे. दुसरं मत असं की, येशूचा मृत्यू २५ मार्चला झाला असं पश्चिमेकडे आधीपासून मानत. गर्भधारणाही त्याच तारखेची धरली, तर नऊ महिने मोजल्यावर २५ डिसेंबर येतो. या दोन मतांचा वाद अजून चालूच आहे. रोमन साम्राज्यात पुजला जाणारा मित्र (मिथ्रास) हा देव २५ डिसेंबरला जन्मला, ही दरवर्षी फिरणारी गोष्ट मात्र कुठल्याही प्राचीन लेखात नाही. ती पुढे ढकलण्याआधी माणसाने थांबावं.

आता समजा पहिलंच मत खरं ठरलं, तारीख सूर्याचीच निघाली. त्याने काय बिघडतं? आपली संक्रांतही सूर्याचीच. सूर्य उत्तरेकडे वळतो म्हणून आपण तिळगूळ वाटतो, पण तो वळतो २१-२२ डिसेंबरला. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकर संक्रमण आणि हे वळणं एकाच सुमारास होत असे. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भ्रमणामुळे संक्रांत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकत गेली. विवेकानंदांचा जन्म १८६३ साली संक्रांतीच्या दिवशी झाला, तेव्हा तारीख होती १२ जानेवारी. आज आपण ती चौदा-पंधराला करतो. रोमन लोकांचंही तेच. ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात वर्षातला सगळ्यात लहान दिवस २५ डिसेंबरचा धरला जाई, पुढे हिशेब घसरला आणि १५८२ च्या सुधारणेनंतर तो एकवीसवर स्थिरावला. हिवाळ्याच्या ऐन मध्यावर दिवस मोठा व्हायला लागतो याचा आनंद दोन्हीकडच्या माणसांना झाला आणि दोन्हीकडचे सण मूळ क्षणापासून सरकले. संक्रांत खोटी आहे, कारण त्या दिवशी सूर्य वळत नाही, असं कुणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? मग दुसऱ्याच्या सणाला वेगळा काटा का लावायचा?

आपल्या कानबाई देवीच्या सणाचंच पाहा. श्रावणात खानदेशभर रोट होतात, रात्रभर जागरण होतं, नारळाला नथ आणि डोळे लागतात. कानबाई-रानबाई मुळात कोण, यावर मतं अनेक आहेत. कुणी कृष्ण-राधा म्हणतं, कुणी सूर्याशी नातं लावतं, कुणी अहिरांच्या जुन्या देवतेपर्यंत जातं. अभ्यासकांनी तो शोध जरूर घ्यावा. पण तो लागला नाही म्हणून एकाही घरचा रोट थांबलेला नाही, आणि थांबायची गरजही नाही.

या वादात आणखी एक मुद्दा हमखास येतो. लूक सांगतो की जन्माच्या रात्री मेंढपाळ रानात कळप राखत होते. डिसेंबरच्या थंडीत कोण मेंढ्या बाहेर ठेवणार, तेव्हा ही तारीख खोटी. हा मुद्दा मांडणाऱ्याने डिसेंबरात साक्रीच्या माळावर एक रात्र काढावी. आपले ठेलारी याच दिवसांत घोड्यांवर बिऱ्हाड लादून, मेंढ्या घेऊन गावोगाव फिरत असतात. खरीप निघालेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं, शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. वाघूर म्हणजे जाळी लावून वाडा केलेला, कुत्रं एका अंगाला, आणि घोंगडी पांघरून जागी असलेली दोन माणसं. थंडी हाडांत शिरते, पण मेंढ्या रानातच असतात. बेथलेहेमची हिवाळी रात्र धुळ्याच्या रात्रीपेक्षा फार वेगळी नसते. यावरून तारीख सिद्ध होते असं मी म्हणत नाही. तारीख तशीही सिद्ध होणार नाही. एवढंच की ही कथा वाचायला बर्फाचा देश लागत नाही. आपल्या शेजारच्या शेतात ती जास्त चांगली कळते.

बर्फ, सुचिपर्णी झाड, सांता ही सगळी नंतरची भर आहे, आणि तीही एकेका ठिकाणची. झाड जर्मन भाषक प्रदेशातलं. १६०५ मध्ये स्ट्रासबुर्गला लोक घरात झाड उभं करून त्याला कागदी गुलाब आणि सफरचंदं लावत, अशी नोंद आहे. इंग्लंडात ते घरोघरी गेलं १८४८ नंतर, राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र एका साप्ताहिकात छापून आल्यावर. सांताच्या मागे आहे चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप निकोलस. मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं, आणि निकोलसचा सण असतो ६ डिसेंबरला. डच लोकांनी त्याला अमेरिकेत नेलं, तिथे एकोणिसाव्या शतकात त्याचा गुबगुबीत आजोबा झाला, आणि १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी त्याला जगभर एकच चेहरा दिला. इंग्रजांचा सण म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळवर बंदी घातली होती, कारण कडव्या प्रोटेस्टंटांना तो बायबलबाहेरचा वाटत होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता.

त्या बंदीच्या एकतीस वर्षं आधी, १६१६ साली, गोव्यात राचोल इथे येशूच्या जन्माची कथा मराठी ओव्यांत छापली गेली. लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते, पण त्यांनी लिहिलं ते मराठीत. म्हणजे इंग्लंडच्या घराघरात नाताळचं झाड पोचायच्या दोनशे वर्षं आधी गव्हाणीतलं बाळ मराठी ओवीत आलेलं होतं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणलं. खानदेशाचा धागा तिथेही आहे. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, त्यात धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे 'बालकवी' म्हणून गाजले, आणि नंतर नगरला टिळकांच्या घरात ते घरच्यासारखे राहिले. धरणगावच्या मुलाला त्या घरात परकं वाटलं नाही. आपल्याला वाटायचं कारण काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियातून आणि अमेरिकेतून मिशनरी आले. दवाखाने, शाळा, वसतिगृहं निघाली आणि काही आदिवासी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म घेतला. ते का घेतला, कसा घेतला, यावर गावागावांत तीव्र मतं आहेत. धर्मांतराचा आणि आरक्षणाचा वाद नंदुरबारमध्ये आज ऐन भरात आहे, हे मला ठाऊक आहे. त्यावर कायद्याने आणि लोकशाही मार्गाने बोलावं. पण शाळेतल्या पोराच्या सणाला त्या वादात ओढणं अन्याय आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी सुमारे ६९ टक्के. त्यांतल्या ज्या घरात आजोबांपासून येशूची प्रार्थना होते, त्या घरातल्या तिसरीतल्या मुलीला वर्गात ऐकावं लागतं की तुमचा सण परदेशी. ती मुलगी मावची बोलते, नागलीची भाकरी खाते आणि तिची मोठी आई दर महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला याहामोगी देवीच्या जत्रेला जाते. तिच्यापेक्षा इथली अशी कोण आहे?

नवापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेच्या घरी नाताळला मी गेलो आहे, म्हणून तो जवळून सांगू शकतो. अंगणात वेळूच्या कामट्यांची पाचकोनी चांदणी, तिला पतंगाचा कागद चिकटवलेला आणि आत दिवा. चांदणी घरच्या पोरांनीच बांधलेली, एका टोकाला कामटी जरा आखूड पडलेली. पाड्यावरची तरुण मंडळी ढोलक, खंजिरी आणि पेटी घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरत होती. काही गाणी मराठी, काही मावची. प्रत्येक घरून चहा नाहीतर मूठभर तांदूळ मिळत. फराळाच्या ताटात करंज्या आणि शंकरपाळे, दिवाळीला आमच्याकडे असतात तसेच. दुसऱ्या दिवशी उपासना झाल्यावर मांडवात सगळ्या पाड्याची पंगत, मोठ्या पातेल्यात भात आणि मटण, वाढायला ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती दोन्ही घरची माणसं. बाईंना मी सांताबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, आमच्याकडे सांता नाही येत. आमच्याकडे मेंढपाळ असतात." लहान मुलांचं नाटक होतं, आणि त्यात मेंढपाळ झालेल्या पोराने आजोबांची खरी घोंगडी पांघरली होती.

तिथे मला लूकची कथा नव्याने ऐकू आली. सम्राटाचा हुकूम सुटतो की सगळ्यांनी आपापल्या मूळ गावी जाऊन नावनिशी लिहावी. एक गरीब जोडपं चालत निघतं, बाई दिवसांत आलेली. उतारशाळेत जागा मिळत नाही. बाळ जन्मतं, त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवतात. मांडवात ऐकणाऱ्यांत कितीतरी जण ऊसतोडीहून आलेले होते. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन बारडोली-सुरतेकडे जायचं, पाचटाच्या कोपीत राहायचं, कोयता चालवायचा, आणि मुकादमाने सोडलं तर नाताळला दोन दिवस घरी यायचं. उसाच्या फडावर बाळंत झालेल्या बाया त्यांच्या नात्यात आहेत. गव्हाण म्हणजे काय हे त्यांना चित्र काढून दाखवावं लागत नाही. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेचो गावी खरी गव्हाण, खरा चारा, बैल आणि गाढव उभं करून जन्माचा देखावा केला, तो लोकांना ही कथा गरिबाची म्हणून दिसावी यासाठीच. नवापूरच्या मांडवात ती तशी दिसते. शहरातल्या मॉलच्या दारात उभ्या केलेल्या झाडाखाली ती दिसत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. शहरांतली काही चर्चसुद्धा आता मेंढपाळाऐवजी सांताला पुढे करू लागली आहेत. त्यांनीही याचा विचार करावा.

म्हणून शाळांबद्दल माझं मत दोन्ही बाजूंना न पटणारं आहे. लाल ड्रेसची सक्ती बंद झाली पाहिजे. कापसाची वेचणी चाललेली असते, भाव पडलेला असतो, आणि अशा वेळी पोराला एका सकाळपुरता भाड्याचा ड्रेस आणायला लावणं बरोबर नाही. "सर, आमना पोरगाले तो लाल ड्रेस लेनाच पडी का?" असं विचारणारा बाप धर्माचा प्रश्न विचारत नसतो, खिशाचा विचारत असतो. शेजारच्या मध्य प्रदेशात शाजापूरच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी २०२३ च्या डिसेंबरात पत्र काढलं की मुलांना सांता बनवण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. परवानगी घेण्यात मला काही गैर वाटत नाही. राज्यघटनेचं कलम २८ सांगतं की शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला पालकाच्या संमतीशिवाय मुलाला बसवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण परवानगीचा नियम एकाच सणाला लावला की तो नियम राहत नाही, बोट दाखवणं होतं. गोकुळाष्टमीला राधा-कृष्ण, आषाढीला वारकरी, ईदला शेरवानी. विचारायचं तर प्रत्येक वेळी विचारा.

आणि सक्ती काढली म्हणजे सण काढायचा असं नाही. त्याच्या जागी पंचवीस डिसेंबरला तुळशीपूजनाचा दुसराच कार्यक्रम आणून बसवण्याची जी टूम निघाली आहे, तिचा मी विरोध करतो. तुळशीबद्दल माझ्या मनात आदर आहे. माझ्या अंगणात वृंदावन आहे आणि कार्तिकात तुळशीचं लग्नही आम्ही लावतो. पण शेजाऱ्याच्या घरी वाजंत्री वाजायला लागली की मुद्दाम आपलं वाजवायला घ्यायचं, याला भक्ती म्हणत नाहीत.

शाळेने करायचं ते अवघड नाही. वर्गात ख्रिस्ती मूल असेल तर त्याच्या आईला किंवा आजोबांना बोलवा, तुमच्या घरी हा दिवस कसा असतो ते त्यांना सांगू द्या. मुलांना कथा सांगा, कथा म्हणून. झाड कुठून आलं, निकोलस कोण, तारीख कशी ठरली, हेही सांगा. मोठ्या वर्गांना संक्रांतीची आणि नाताळची तारीख शेजारी शेजारी मांडून भूगोलाचा एक तास घेता येतो. अयनबिंदू आणि कालगणना त्यांना जन्मभर विसरणार नाहीत. चांदणी कामट्यांची करा, विकत आणू नका. भुसावळच्या शाळांना तर फार लांब जावं लागणार नाही. रेल्वे कॉलनीतल्या जुन्या माणसांना केकचं मिश्रण घरी कालवून भाजायला गावातल्या बेकरीच्या भट्टीवर कसं नेत, ते विचारलं तरी मुलांना आपलं गाव नव्याने कळेल.

नवापूरच्या त्या बाईंनी मागितलं ते याहूनही कमी होतं. त्या म्हणाल्या की पंचवीस डिसेंबरची सरकारी सुट्टी कागदावर असते, पण दहावीचे जादा तास, शिबिरं, स्नेहसंमेलनाच्या तालमी नेमक्या चोवीस-पंचवीसला ठेवतात, "कारण त्या दिवशी सगळे मोकळेच असतात." सगळ्यांत त्या आणि त्यांची मुलं धरलेली नसतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण जादा तास ठेवत नाही. शाळांचं वार्षिक नियोजन जूनमध्ये होतं, मुख्याध्यापक आणि शिक्षक एकत्र बसून तारखा लिहितात. येत्या जूनमध्ये नंदुरबार, धुळे, जळगावच्या प्रत्येक शाळेने त्या कागदावर चोवीसची संध्याकाळ आणि पंचवीसचा दिवस मोकळा सोडावा, आणि वर्गात ख्रिस्ती मूल एकच असलं तरीही सोडावा.